घटना वरची, मग निवडणूक अडते कशी?

"दोन्ही संसदच करते ना? मग घटना आणि साधा कायदा यांत एवढा फरक तो काय?" पुण्यातल्या शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात हा प्रश्न इतक्या वेळा आलाय, की आता एकदाचं लिहूनच टाकतो. तुम्ही विचारलंत म्हणून.

पहिला फरक मोजणीचा. लोकसभेच्या जागा ५४३. गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालायला, किमान ५५ हजर हवेत. तेवढेच आले तर साधं विधेयक २८ मतांनीही मंजूर होतं. घटनादुरुस्तीला २७२ मतं हवीतच, बाकं रिकामी असोत की भरलेली. शिवाय मत देणाऱ्यांतले दोन-तृतीयांश: ५०० जणांनी मत दिलं तर ३३४. राज्यसभेतही हेच गणित वेगळं जमवायचं. तिथे अडलं तर संयुक्त बैठक नाही, वटहुकूम नाही. काही कलमांना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते.

दुसरा फरक, घटनेशी विसंगत कायदा कोर्ट रद्द करतं. एवढं छातीठोकपणे सांगून मी थांबायचो. चूक नव्हतं ते. अपुरं होतं, आणि हे पुणे महापालिकेनं दाखवून दिलं.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तिचं कलम २४३-यू म्हणतं: महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली नाही, प्रशासक आला. मग तीन वर्षांहून जास्त काळ या शहराचं अंदाजपत्रक एकाही नगरसेवकाच्या मताशिवाय मंजूर होत राहिलं. गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं तर कुणाचं दार ठोठावायचं?

२४३-यू कुणी बदललं होतं का? नाही. राज्याच्या विधिमंडळाला ते बदलताच येत नाही. पण २४३-झेडए नीट वाचा. मतदारयाद्या आणि निवडणूक घेणं राज्य निवडणूक आयोगाकडे. प्रभागरचनेचा, म्हणजे शहराचे प्रभाग कसे पाडायचे याचा, शब्दच नाही. ती राज्याच्या महापालिका कायद्यात, म्हणजे विधिमंडळातल्या साध्या बहुमताच्या हातात. ११ मार्च २०२२ पासून रचनेचा अधिकार आयोगाकडून सरकारनं स्वतःकडे घेतला. ४ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ११ मार्चपूर्वीची रचना धरून दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. तरी झालं नाही. ओबीसी आरक्षणाचा वाद चालूच होता. राज्यात सरकार बदललं, तीन सदस्यांचे प्रभाग पुन्हा चारचे झाले, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा 'जैसे थे'चा, म्हणजे आहे तिथेच थांबा असा, आदेश आला. चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढा, हे न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं तेव्हा तारीख होती ६ मे २०२५.

म्हणून घटना नुसती कागदावर असते, असं मात्र मी मान्य करणार नाही. मुदत सहा वर्षं करणारा राज्याचा कायदा कोर्टात टिकलाच नसता. प्रभाग तीनचा की चारचा, हे ठरवणारा कायदा घटनेच्या एकाही शब्दाला हात लावत नाही. तो रद्द करायचा कशाच्या आधारावर? त्यानं तारीख पुढे जाते, एवढंच.

प्रभागरचनाही २४३-झेडएमध्येच घालावी, असं मी अलीकडे म्हणू लागलोय. पण मग लगेच मनात येतं, उद्या आयोगानंच रचना वाकडी केली, तर ती सरळ करायलाही दोन-तृतीयांश गोळा करत बसावं लागेल.