पुण्यात वाढलेलं समुद्रफूल : आमची वाटचाल

पुण्याहून समुद्र गाठायचा म्हणजे घाट उतरून तीन-चार तास. त्यामुळे समुद्री माशांच्या टाक्या लावायच्या आमच्या धंद्यात आधी समुद्रच घडवावा लागतो. आरओच्या एक लिटर पाण्याला साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ घालायचं, रात्रभर पंपावर फिरत ठेवायचं आणि खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसलं की मगच ते टाकीत ओतायचं. २००९ साली कोथरूडमध्ये एका छोट्या गाळ्यात आम्ही खाऱ्या पाण्याच्या टाक्या लावायला सुरुवात केली. मी आणि माझी बायको, दोघंच. हिशेब तिच्याकडे आणि पाण्याच्या चाचण्याही तिच्याकडेच, कारण तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

पहिल्या वर्षी आम्ही जे विकलं त्याची खंत मला आजही आहे. मुंबईला कुर्ल्याच्या बाजारातून थर्माकोलच्या खोक्यात माल आणायचो. त्यात क्लाउनफिश, म्हणजे समुद्रात समुद्रफुलाच्या आधारानं राहणारे छोटे मासे, असत आणि समुद्रफुलंही, म्हणजे दुकानात सगळे ज्याला अ‍ॅनिमोनी म्हणतात ती. नाव फूल असलं तरी तो प्राणी आहे. काही पांढरीशुभ्र, काही पिवळीधमक. गिऱ्हाईक रंगावर भाळायचं आणि आम्हीही. तीन-चार आठवड्यांत ते फूल आक्रसायचं, तोंड उघडं पडायचं आणि टाकीला कुजका वास सुटायचा. लोकांना वाटे की आपलंच काहीतरी चुकलं. चूक आमची होती. समुद्रफुलाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा फुलाला मिळतो. तपकिरी झाक असते ती त्या शैवालाचीच. उष्णतेनं, अंधारातल्या प्रवासानं शैवाल निघून गेलं की फूल पांढरं पडतं. आम्ही ‘शुभ्र’ म्हणून विकत होतो ती फुलं उपाशी होती, आणि पिवळी तर चक्क रंगवलेली. हे कळल्यावर दोन वर्षं आम्ही समुद्रफूल विकलंच नाही.

त्या काळात वाचलेली एक गोष्ट मी अजूनही येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलिएल या निसर्ग-अभ्यासकांनी १८२८ साली किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरी आणलं. लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणत. डॅलिएल गेले, फूल एकाकडून दुसऱ्याकडे सांभाळायला गेलं आणि १८८७ पर्यंत जगलं. काचेच्या भांड्यात जवळपास साठ वर्षं! आणि आमच्याकडची महिनाभरात मरत होती.

२०१२ मध्ये एका जुन्या छंदिष्टाकडून आम्ही बबल टिप जातीचं एक समुद्रफूल घेतलं. तपकिरी, बोटांची टोकं फुगीर, पाय कुठेही फाटलेला नाही. हा प्राणी पायाच्या चकतीनं खडकाच्या फटीत घट्ट बसतो आणि जागा आवडली नाही तर स्वतः चालत दुसरीकडे जातो. तापमान २६ अंशांच्या आसपास ठेवायला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घेतला, कारण एप्रिलमधल्या पुण्यात त्याशिवाय निभावच नाही. आठवड्यातून एकदा वाटाण्याएवढा ताज्या कोळंबीचा तुकडा, त्याहून जास्त नाही. दीड वर्षानं एका सकाळी बायकोनं हाक मारली, "अहो, लवकर या, हे मधोमध फाटतंय!" आम्हाला वाटलं, गेलं. ते दोन होत होतं. बबल टिप असं उभं विभागून वाढतं. आज आमच्याकडून जाणारं प्रत्येक फूल त्या एकाच फुलाची लेक किंवा नात आहे.

सगळ्यात मोठा फटका गुरुवारी बसला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुणेकरांना सांगायला नको. एका दवाखान्यात आम्ही लावलेल्या टाकीची वीज सहा तास गेली. प्रवाह थांबला तसं फूल जागा सोडून चालायला लागलं आणि नेमकं वेव्हमेकरवर, म्हणजे पाण्यात प्रवाह तयार करणाऱ्या पंख्यावर, जाऊन बसलं. वीज आली, पंखा फिरला, फुलाच्या चिंध्या झाल्या. त्यातून सुटलेल्या विषानं आणि कुजण्यातल्या अमोनियानं रात्रीतून सगळे मासे मेले. पूर्ण पैसे परत केले, पण डॉक्टरांच्या लहान मुलीचा चेहरा मला विसरता आलेला नाही. तेव्हापासून प्रत्येक पंपावर जाळी आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावून दिल्याशिवाय आम्ही फूल देत नाही.

टाकी सहा महिन्यांची झाल्याशिवायही नाही. यावरून बरीच भांडणं झाली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका चिडले, "पैसे रोख देतोय ना मी? मग अडचण काय?" म्हटलं, "काका, नुसते क्लाउनफिश न्या. टाकीत त्यांचं फुलावाचून काही अडत नाही. फूल मात्र नव्या टाकीत टिकत नाही." रागावून गेले. आठ महिन्यांनी आले ते वही घेऊन, रोजचं तापमान, क्षारता, दर रविवारचं नायट्रेट, सगळं बँकेच्या खातेवहीसारखं सुवाच्य. त्या दिवशी फूल त्यांना देताना मला पहिल्यांदा वाटलं की हा धंदा बरोबर वाटेनं चाललाय.

आणखी दोन गोष्टींना आम्ही नाही म्हणतो. २००१ पासून पोवळी आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे पोवळ्याचे ‘जिवंत खडक’, म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू वसलेले समुद्रातले खडक, मागणाऱ्यांना आम्ही सिरॅमिकचे खडक देतो. काही महिन्यांत त्यावर तेच उपयोगी जिवाणू वसतात. दुसरं, कोकणात फिरायला जाऊन खडकावरचं फूल खरवडून बाटलीत घालून आणलेलं आम्ही सांभाळायला घेत नाही. एकदा एकानं दापोलीकडून आणलं होतं. पाय फाटला होता, दुसऱ्या दिवशी संपलं. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहून ते बघायला मी मुलांना घेऊन जातो, आणि तिथेच ठेवून येतो.

आता आम्ही चौघं आहोत आणि सांभाळायला एकतीस घरांच्या टाक्या आहेत. आमचं फूल कुणाकडे विभागलं तर त्यातलं एक आम्ही परत घेतो आणि पुढच्या मिठाच्या पिशवीत सवलत देतो. काकांकडून आत्तापर्यंत तीन आली. गुरुवारी दुकान बंद असतं, फोन मात्र चालू ठेवतो.