विशेष मुलांचे दात आणि आमचे इंटर्न

आज विशेष मुलांच्या शाळेत दंततपासणीसाठी आमच्या इंटर्न डॉक्टरांना घेऊन गेले होते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या हिरड्या लवकर बिघडतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या हृदयात जन्मजात दोष असल्यामुळे दात काढण्यापूर्वी हृदयाची माहिती घ्यावी लागते, हे परीक्षेत अचूक लिहिणारे विद्यार्थीही तोंड घट्ट मिटून बसलेला स्वमग्न मुलगा समोर आला की त्याच्याऐवजी शिक्षिकेशीच बोलू लागतात. म्हणून आज ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही जुनी पद्धत त्यांच्याकडून करवून घेतली: आरसा आधी मुलाच्या हातात, मग त्याच्या नखावर, मग दातावर. एका इंटर्नने बॅटरीचा झोत मुलाच्या डोळ्यांवरून आपणहून हटवला, आणि मुलाने तोंड उघडले. हे मी शिकवले नव्हते. अपस्मारासाठी फेनिटॉइन हे औषध घेणाऱ्या एका मुलीच्या, त्या औषधामुळे वाढलेल्या हिरड्या सर्वांनी नीट पाहिल्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगतेचे 21 प्रकार मान्य केले असले, तरी व्हीलचेअरवरील रुग्णाला दंतखुर्चीवर सुरक्षित कसे हलवावे, याचा प्रत्यक्ष सराव पदवीपर्यंत अनेकांना मिळत नाही, असे माझे मत आहे. पुढच्या आठवड्यात तोच सराव घेणार आहे, आणि रुग्णाच्या जागी इंटर्न स्वतः बसतील.