ऑपेरा हाऊसला साउंड लावताना

गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये नाट्यसंगीताची मैफल होती आणि साउंड माझ्याकडे. आयोजकांनी सामानाची यादी पाठवली ती मैदानातल्या ऑर्केस्ट्राची! मोठे स्पीकर, खर्जातल्या धमधमाटासाठी सब-बास स्पीकर, स्टेजवरच्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मॉनिटरच मॉनिटर. अहो, हे थिएटर जेमतेम पावणेसहाशे खुर्च्यांचं. १९११ साली त्याचं उद्घाटन झालं तेव्हा रंगमंचावर माइक नव्हताच. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ इथे गाऊन गेलेत.

टेम्पोतलं सामान उतरवण्याआधी मदतनीस पोराला स्टेजवर मधोमध उभं केलं आणि मी बाल्कनीत शेवटच्या रांगेत गेलो. बाल्कनीला चढ चांगलाच, पुढच्याचं डोकं मध्ये येत नाही. त्यामुळे स्टेज जसं सरळ दिसतं तसा आवाजही सरळ येतो. "काका, जेवण कधी?" हे त्याचं नेहमीच्या आवाजातलं बोलणं वर स्वच्छ पोचलं. खाली बाल्कनीच्या पोटात, मागच्या खुर्च्यांवर मात्र तोच आवाज दबला.

मध्ये इथे सिनेमे लागायचे. त्या काळात बाजूचे बसायचे बॉक्स, स्टेजपुढचा वादकांचा खड्डा सगळं गेलं. १९९३ला थिएटर बंद पडलं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जुन्या फोटोंवरून ते पुन्हा उभं केलं आणि २०१६ला पडदा उघडला. येणारे सोनेरी नक्षी आणि झुंबरं बघत राहतात. माझा जीव त्या नक्षीच्या उंचसखलपणात, कारण त्यावर आदळून आवाज विखुरतो, सपाट भिंतीसारखा उलटा अंगावर येत नाही. गादीच्या खुर्च्यांचाही फायदा असतो: रिकाम्या हॉलमध्ये लावलेला साउंड लोक भरल्यावर फारसा बदलत नाही.

शेवटी गायिकेला एक माइक, हार्मोनियमला एक, आणि बाल्कनीखाली दोन छोटे स्पीकर. आवाज मीटरभर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. स्टेजपासून जितकं अंतर, तेवढ्या हिशेबाने ते स्पीकर उशिरा बोलते केले, म्हणजे गाणं डोक्यावरून नाही, समोरूनच येतंय असं वाटतं.

तबलजी भडकले. "माझा डग्गा कुठंय?" त्यांच्या शिष्याला वाजवायला बसवलं आणि त्यांना बाराव्या रांगेत नेलं. एक आवर्तन ऐकलं, दुसरं ऐकलं. मग म्हणाले, "पेटी जरा कमी करा."

मैफल रंगली. रात्री आयोजक हसत हसत आले आणि म्हणाले, सब-बास तर टेम्पोतून उतरलेच नाहीत, मग बिलात तेवढे कमी कराल ना?