इतबायातला जायचं तर उडी मारता आली पाहिजे

बातानेसच्या माहितीत इतबायात बेटाबद्दल सगळीकडे एकच ओळ सापडते: बास्को या प्रांताच्या मुख्य गावाहून बोटीने तीन-चार तास. ओळ खोटी नाही, पण तिच्या भरवशावर निघालेला माणूस फसतो. तीन-चार तास हा सोपा भाग आहे. खरी परीक्षा शेवटच्या अर्ध्या मिनिटाची, आणि तिच्याबद्दल कुणी धड लिहीत नाही.

आधी भूगोल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. बातानेस हा फिलिपाइन्सचा अगदी उत्तरेचा प्रांत, देशातला सर्वांत कमी लोकवस्तीचा. 2020 च्या जनगणनेत अख्ख्या प्रांताचे लोक 18,831. त्यातल्या सहा नगरपालिकांपैकी इतबायात क्षेत्रफळाने सर्वांत मोठी, सुमारे 83 चौरस किलोमीटर, आणि लोकसंख्या 3,128. चौरस किलोमीटरमागे 38 सुद्धा माणसं नाहीत. इथून लुझोन या देशाच्या मुख्य बेटापेक्षा तैवान जवळ आहे. सिआयान, दिनेम, मिसांगा, मावुलिस ही उत्तरेची बेटंही याच नगरपालिकेच्या हद्दीत येतात, पण गाव एकावरही नाही. मावुलिस तर देशाचं उत्तर टोक; तिथे पर्यटकाला नेतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

बेट म्हणजे समुद्रातून वर उचलली गेलेली प्रवाळी चुनखडी. चहूबाजूंनी सरळ कडे, आत खोलगट माळरान. पुळण नाही, खाडी नाही. त्यामुळे वस्ती किनाऱ्यावर नसून मधोमध, मायान नावाच्या गावठाणात. पाच बारांगायांपैकी (बारांगाय म्हणजे नगरपालिकेतला वॉर्ड किंवा वाडी) सान राफाएल, सांता लुसिया, सांता मारिया आणि सांता रोसा ही चार इथेच एकमेकांना चिकटून आहेत. पाचवं राएले दक्षिणेला वेगळं पडलेलं, विमानाची धावपट्टी तिकडे. छोटं विमान कधी असतं, कधी नसतं. त्यावर बेत आखू नये.

आता बोट. नेहमीच्या फिलिपिनो बोटीला दोन्ही बाजूंना बांबूचे आडवे हात असतात, ते इथल्या फालोवा नावाच्या बोटीला नसतात. आखूड आणि उभ्या लाटांत ते मोडतात, शिवाय कड्याला बोट भिडवताना आडवे येतात. पोट गोल आणि आधार नाही, म्हणून बोट प्रचंड डोलते. त्यात इथला कुरोशियो प्रवाह उत्तरेकडे वाहतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा अमिहान वारा त्याच्या तोंडावर येतो. वारा आणि प्रवाह आमनेसामने आले की लाटा उंचीपेक्षा जवळजवळ येण्याने त्रास देतात. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची. बोट डोलायला लागल्यावर घेतलेली गोळी उलटीतच जाते. मधल्या भागात, शक्य तितकं मागे, खाली बसा. पुढे नाकाशी बसून फोटो काढणारे अर्ध्या तासात भिजून कुडकुडत असतात.

आणि मग उतरणं. धक्का म्हणावा असं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका. पश्चिमेला चिनापोलिरान, पूर्वेला वालुगान; वारा कुठून आहे ते पाहून तांडेल आडोशाची बाजू निवडतो. चिनापोलिरानला कड्यात काढलेल्या पायऱ्या आहेत. बोट तिथे बांधून ठेवत नाहीत, इंजिन चालू ठेवून नाक भिडवतात आणि खलाशी दोर ताणून धरतात. लाटेबरोबर बोट खाली-वर होत राहते, समुद्र शांत म्हणतात त्या दिवशीसुद्धा मीटरभर. सह्याद्रीत रॉकपॅच चढलेल्याला हात-पायांची जागा शोधायची सवय असते. इथे ती सवय उलट नडते, कारण शोधायला वेळच नसतो.

क्रम असा ठेवा. पाठीवर सॅक ठेवायची नाही. ती वेगळी, फेकून किंवा हातोहात वर जाते. ती भिजणार हे धरून कपडे, पासपोर्ट, पैसे आतून वॉटरप्रूफ पिशवीत बांधलेले हवेत. मोबाईल खिशात नको. चपला नकोत, सॅंडल असेल तर मागचा पट्टा घट्ट, सोल दातेरी. पायऱ्यांवर शेवाळ असतं. लाइफ जॅकेट अंगावरच, वर सपाटीला पोचेपर्यंत. बोटीच्या कडेवर आल्यावर खलाशी दंड धरतो. बोट वर चढत असताना तयार राहायचं आणि ती सर्वांत वर, क्षणभर थांबल्यासारखी होते तेव्हा पाऊल टाकायचं. बोट खाली जायला लागली असेल तर थांबा, कितीही ओरडा होवो, पुढची लाट येतेच. लोक पडतात ते उडी जमत नाही म्हणून नाही. वरच्या क्षणाला अर्धा सेकंद विचार करतात आणि बोट उतरायला लागल्यावर निघतात, म्हणून. मग पाय बोट आणि खडकाच्या मधल्या फटीत जातो. पायरीवर पाय टेकला की वळून सॅक बघू नका, आणखी चार पायऱ्या चढा, कारण पुढची लाट तिथवर येते. परतताना हेच उलट, आणि जास्त वाईट: खाली ओल्या, घसरड्या बोटीत उतरायचं असतं. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी, लहान मुलं घेऊन फिरणाऱ्यांनी इतबायात सोडून द्यावं. हौस म्हणून आई-वडिलांना नेण्याची जागा ही नव्हे.

पैशांचा मुद्दा. साध्या बोटीचं भाडं माणशी पाचशे पेसोंच्या आसपास असतं (पेसो म्हणजे साधारण दीड रुपया). बास्कोत काही जण ‘स्पेशल बोट, दुसऱ्या दिवशी परत’ असं पॅकेज कित्येक पटींनी विकतात. ‘दुसऱ्या दिवशी परत’ ही हमी तिथे कुणीच देऊ शकत नाही. सुटायचं की नाही ते तटरक्षक दल ठरवतं, आणि इशारा लागला की स्पेशल आणि साधी, दोन्ही बोटी सारख्याच उभ्या राहतात. संध्याकाळी बास्को बंदरावर जाऊन दुसऱ्या दिवशीच्या बोटीची चौकशी करा, पहाटे पुन्हा जा. बेटावर मोटारसायकलचं भाडं बसण्याआधी, जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट, आकड्यात ठरवा. नगरपालिकेत नोंदणी करून पावती घ्या, वाटाड्याही तिथूनच मिळतो. एटीएमचं काम बास्कोतच उरकून यायचं.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी एक गणित नीट करावं. जून 2025 पासून मिळणारा 14 दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश वाढवून मिळत नाही. इतबायातवर चार-पाच दिवस अडकणं मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून इतबायात सहलीच्या पहिल्या अर्ध्यात बसवा, आणि तिथून परतल्यानंतर मनिलाच्या विमानाआधी निदान तीन-चार दिवस मोकळे ठेवा. हे जमत नसेल तर आधी व्हिसा काढा. मार्च ते जून हा काळ त्यातल्या त्यात बरा. जुलैनंतर वादळं असतात.

बघण्यासारखं? पूर्वेच्या कड्यातली तोरोंगान गुहा आणि तिच्या वरच्या टेकाडावरची होडीच्या आकारात रचलेल्या दगडांची थडगी, एवढ्यासाठी जाणं योग्य. वाट गुरांच्या कुरणातून, मग धारदार चुनखडीवरून; फुल पँट आणि वाटाड्या, दोन्ही हवेत. काराबोबोआन डोंगरावर हवा स्वच्छ असेल तरच चढा. बाकी दिवस माळावर चालण्यात छान जातात, त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही.

दगडी घरांसाठी मात्र इथे येऊ नका. 27 जुलै 2019 च्या पहाटे आणि मग सकाळी असे भूकंपाचे दोन जोरदार धक्के बसले, नऊ माणसं गेली, चुन्यात बांधलेली जाड भिंतींची घरं कोसळली, सांता मारिया चर्चचा घंटामनोराही ढासळला. पारंपरिक घरं पाहायची तर साबतांग बेटावरचं साविदुग आणि चावायान गाठा. इतबायातवर राहायला जुनं दगडी घर देऊ केलं तर नम्रपणे नकार द्या आणि सिमेंटची खोली मागा.

जेवणात भात, रताळी, कोनफळासारखे कंद, सुका मासा, डुकराचं मांस. शाकाहाऱ्यांनी चार-पाच दिवसांची सोय बरोबर न्यावी. बोट आली नाही की दुकानंही रिकामी होतात. तातुस नावाचा मोठा नारळखेकडा कुणी आग्रहाने वाढला तरी घेऊ नका, तो कायद्याने संरक्षित आहे. चुनखडीत पाणी मुरून जातं, बहुतेक घरांची भिस्त पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर, तेव्हा बादलीभर पाण्यात आंघोळ उरका. आणि उतरल्या दिवशीच, गुहेच्या मागे लागण्याआधी, परतीच्या बोटीच्या यादीत नाव घाला: खराब हवेनंतरच्या पहिल्या बोटीला सगळं बेट रांगेत उभं असतं.