आमटी दोघांची

"काकू, पार्सल एकच, पण आमटी दोघांची द्या ना!"

सदाशिव पेठेतल्या खानावळीत आज माझ्यापुढचा पोरगा म्हणाला. स्पर्धा परीक्षावाला असणार, बगलेत चालू घडामोडींचं मासिक.

काकूंनी काही न बोलता पिशवीत आमटी ओतली, वर रबर लावलं. "आधी आमटी प्या, मग पोळीला हात लावा. पोट भरतं."

त्यांना हे कुणी शिकवायला नको. मूठभर हुलग्याच्या पिठाचं माडगं, उकडलेल्या मटकीच्या पाण्याचं कळण, पुरणाच्या डाळीच्या कटाची आमटी. ओढगस्तीत पातळ पदार्थांनीच घरं तारलीत. (माडग्याला आता हॉटेलातही भाव आलाय, चांगलंच आहे म्हणा.)

पण त्या पिशवीत डाळ शोधावी लागत होती. अर्ध्या पार्सलवर ही पोरं रात्रीपर्यंत अभ्यासिकेत बसतात कशी?