तिन्ही रीडिंग सेम कशी काय?

परवा इथं जर्मनीत लॅबमध्ये आमच्या ग्रुपच्या पोस्टडॉकनं, म्हणजे पीएचडी झालेल्या संशोधकानं, माझं लॅबबुक उघडलं आणि टायट्रेशनच्या, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता काढतात त्या प्रयोगाच्या, टेबलवर बोट ठेवून विचारलं, तिन्ही रीडिंग 10.20 मिली कशी काय? आता आली तशी, मी काय करू! ब्युरेटवर, म्हणजे द्रावण सोडायच्या काचेच्या नळीवर, खुणा 0.1 मिलीच्या, मधलं आपण डोळ्यानं अंदाजून लिहितो, तिथं तीनदा तंतोतंत तेच आलं की ह्या जर्मन लोकांना वास यायला लागतो. परत कर म्हणाला, शेजारी उभाच राहिला. 10.20, 10.25, 10.20. तेव्हा कुठं गडी खूष.

बेळगावात बीएस्सी केलेल्यांना ह्यातली गंमत लगेच कळेल. आपल्याकडं सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, परत परत तेच रीडिंग, आला नाही तर जर्नलवर सही नाही, मग काय, एकदा टायट्रेट करायचं आणि तिन्ही कॉलमात तेच भरायचं, आधी पेन्सिलीनं, मग सिनियरच्या जर्नलशी ताडून पेनानं. अख्खी बॅच तेच करते.

इथं पेन्सिल चालतच नाही. लॅबबुक शिवलेलं, पानांवर नंबर छापलेले, पान फाडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि सही. थीसिस संपला की वही घरी न्यायची नाही, ती ग्रुपची. डीएफजी म्हणून इथं संशोधनाला पैसे देणारी मोठी संस्था आहे, तिच्या 2019 च्या नियमावलीत आहे की छापलेल्या निष्कर्षांमागचा डेटा साधारण 10 वर्षं सांभाळायचा. आणि फसलेला प्रयोग पण वहीतच राहतो. माझी एक रिॲक्शन डांबरासारखी काळी झाली, तर ग्रुप मीटिंगमध्ये तेच पान अर्धा तास चघळलं, आणि चांगलं यील्ड, म्हणजे भरपूर माल, आलेलं पान दोन मिनिटांत पुढं. मला भारी वाटलं ते.

खरं म्हणून कुणी आपल्याला नावं ठेवली तर मी ऐकून घेणार नाही. मोजक्या वेळाचं प्रॅक्टिकल, वजनकाट्याला रांग, आन्सर जुळलं तरच एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, मार्क देणार, पोरं काय करतील हो? आणि हात आमचाच चांगला आहे की! टायट्रेशन संपलं की रंग बदलणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनच्या फिक्कट गुलाबीला थांबणं माझ्या शेजारच्यांना जमत नाही, गडद करून ठेवतात आणि मग मला बोलावतात. तोंडानं पिपेट ओढायची सवय मात्र आल्या आल्या सोडावी लागली, इथं त्याला रबरी बल्ब लावतात.

शिवाय विद्यार्थी व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे 11,904 युरो घरच्यांनी भरलेत, एक सेमिस्टर वाढलं तर कुणाला परवडतंय, त्यामुळं तेच ते टायट्रेशन परत करताना डोक्यात हिशोब चालूच असतो.

काल खानापूरच्या मावसभावाचा मेसेज आला, दादा तुझं जर्नल कुठाय, पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे. आईला सांगितलंय, माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, दे त्याला. त्याला मार्क तिथंच मिळवायचेत.