तुम्ही विचारलंत म्हणून : दत्तक पालकांनी शिकायचं ते काय?

"पोटच्या पोरांचे आईबाप कुठे वर्ग लावतात? मग आम्हालाच समुपदेशन, गृहभेट, कार्यशाळा कशाला?" दत्तकासाठी नाव नोंदवलेली जोडपी हे हमखास विचारतात. विचारताना आवाज जरा दुखावलेला असतो, आणि ते समजण्यासारखं आहे.

खरं तर पोटच्या पोरांच्या आईबापांचाही वर्ग होतोच, त्याला कोणी वर्ग म्हणत नाही इतकंच. पहिलटकरीण माहेरी जाते. बाळाला न्हाऊ घालायला बाई येते, शेकशेगडी होते, डिंकाचे लाडू होतात. रात्री मूल रडलं की आजी उठते आणि "पोटात वारा धरलाय, खांद्यावर घे" म्हणून दाखवते. सव्वा महिना त्या बाईकडून कोणी कामाची अपेक्षा करत नाही. मूल दत्तक घेतलेल्या आईला यातलं काही मिळत नाही. तिच्याकडे लोक पेढे मागतात आणि सोमवारी ती ऑफिसात हजर असेल असं धरून चालतात. प्रशिक्षण आणि आधार म्हणजे हेच राहून गेलेलं बाळंतपण.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी करून कागद चढवले की 60 दिवसांत गृहभेट अहवाल व्हायला हवा. तो तीन वर्षं ग्राह्य असतो. मूल दाखवलं की 48 तासांत ते आपल्यासाठी राखून ठेवायचं. 2021च्या कायदादुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सामाजिक कार्यकर्ती घरी येते. तान्ह्या बाळासाठी तीन वर्षांहून जास्त वाट बघावी लागते आणि बहुतेकांचा तो काळ मोबाइलवर यादीतला क्रमांक बघण्यात जातो. शिकायचं ते याच काळात. मोठ्या मुलांच्या बाबतीत घडी विस्कटते ती बरेचदा इथेच : कंटाळून, तयारी न करता, "चला, पाच-सहा वर्षांचंही चालेल" म्हणून वयाचा पर्याय बदललेला असतो. "चालेल" एवढ्यावर मोठं मूल घरी आणू नये.

मूल आणायला जाल तेव्हा संस्थेत मुलं सांभाळणाऱ्या मावशींपाशी निदान तासभर बसा. अधीक्षकांपाशी फाइल असते, सवयी मावशींना ठाऊक असतात. दूध कोणत्या कंपनीचं आणि किती पातळ, झोपताना दिवा चालू असतो का, थोपटतात की पाळणा हलवतात, घाबरलं तर काय करतं, कोणत्या मावशीवर जीव आहे, हे सगळं लिहून घ्या. त्याचं रोजचं पांघरूण मागून घ्या आणि घरी आल्यावर पहिले दोन आठवडे धुऊ नका, कारण मुलाच्या ओळखीचा तेवढा एकच वास घरात असतो. मूल झारखंडचं किंवा ओडिशाचं असेल तर त्याच्या भाषेतले वीसेक शब्द आधी पाठ करा : भूक, पाणी, शू, दुखतंय, ये, घाबरू नको. नाव घाईने बदलू नका. ज्या नावाला ते ओ देतं, तेवढंच त्याचं स्वतःचं असं त्याच्यापाशी असतं.

वैद्यकीय अहवाल संस्था देते, तरी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून हिमोग्लोबिन, कान आणि डोळे पुन्हा तपासून घ्या. सापडलेल्या मुलाची जन्मतारीख अंदाजाने ठरवलेली असते. त्यामुळे "सहा वर्षांचा असून अजून अक्षरं येत नाहीत" याचा ताण घेऊ नका, शाळेची घाईही करू नका.

आता जेवणाचं. पाच वर्षांचं मूल भरपेट जेवतं आणि दुसऱ्या दिवशी उशीखाली अर्धी पोळी सापडते. आई हबकते : आपण कमी वाढतो की काय? तसं नसतं. संस्थेत ताट वेळेवर आलं तरी ते आपल्या हातात नव्हतं, हे अंगात मुरलेलं असतं. रागावलात तर पोळी उशीखालून गादीखाली जाईल. त्याच्या हाताला येईल अशा फळीवर त्याच्या नावाचा डबा ठेवा, चुरमुरे, राजगिऱ्याची वडी, एक केळं, आणि तो कधीही रिकामा राहू देऊ नका. त्याच्या देखत भरा. काही आठवडे तो सारखा उघडून बघेल. मग नुसतं झाकण चाचपेल. मग विसरेल.

पहिले काही आठवडे मूल फार गुणी वागतं. नंतर फेकाफेक, चावणं, अंथरुण ओलं करणं सुरू होतं आणि पालकांना वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. बहुतेकदा उलट असतं : घर आपलं वाटायला लागलं की मूल तपासून बघतं, असं केलं तरी ठेवतील का. या दिवसांत "पुन्हा संस्थेत सोडून येईन" हे वाक्य तोंडून निघता कामा नये, थट्टेतसुद्धा. खोलीत एकटं कोंडण्याची शिक्षाही नको. जवळ बसा, बोलणं कमी ठेवा.

दत्तक असल्याचं कधी सांगायचं? पहिल्या दिवसापासून. तान्ह्याशीसुद्धा "तुला आणायला गेलो त्या दिवशी पाऊस पडत होता" असं बोलायला लागा, म्हणजे आईबापांची जीभ सरावते. तीन-चार वर्षांच्या मुलाला ती आणल्याची गोष्ट पुरते. सहा-सातव्या वर्षी "मग मी कुणाच्या पोटात होतो?" हा प्रश्न येतो. तेव्हा जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा. "ती देवाघरी गेली" असं खोटं सांगू नका, तिला वाईटही म्हणू नका. जोतीराव-सावित्रीबाईंनी काशीबाई या विधवेचा यशवंत आपला मुलगा म्हणून वाढवला, त्याचा जन्म लपवून ठेवला नाही. आज सोसायटीतल्या शेजाऱ्यांच्या भीतीने आपण का लपवावं?

जे दत्तक न घेता, मूल काही काळ सांभाळण्यासाठी घरी आणतात, त्यांना वेगळं शिकावं लागतं. ते मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने आलेलं असतं आणि परत जाऊ शकतं. त्याच्या आईवडिलांबद्दल घरात आदरानेच बोललं जावं.

आणि आईबापांचं काय? इतकी वर्षं वाट पाहून मूल आलं आणि माया वाटत नाही, नुसता थकवा आणि रडू येतं, असं पुष्कळ आयांचं होतं, बापांचंही. माया कधी कधी मागून येते. सहा महिन्यांनी कार्यकर्ती येते तेव्हा घर चकाचक करून "सगळं छान" सांगू नका, हे सांगा. ती मूल काढून न्यायला आलेली नसते.

घरच्यांना कामं वाटून द्या. पहिले सहा आठवडे भरवणं, अंघोळ, झोपवणं फक्त आईबापांनी करायचं, म्हणजे आपली माणसं कोणती ते मुलाला कळतं. दिसेल त्या बाईला "आई" म्हणून बिलगणारं मूल माणसाळू वाटतं, पण त्याला अजून कोणी आपलं सापडलेलं नसतं. म्हणून बारसं पुढे ढकला. आजी, आत्या, मावशी यांनी मूल मांडीवर मागू नये. त्यांनी दळण आणावं, कपडे धुवावेत, संध्याकाळचा डबा पाठवावा. आईसाठी त्यात काहीही द्या, मुलासाठी मात्र संस्थेत मिळायची तशीच मऊ, फिकी खिचडी.